पोचूभाऊंचा सत्कार

पोचूने मुसळाला आंब्याची डहाळी बांधली, सुताची गाठ आवळली आणि उरलेलं टोक दाताने तोडलं. तेवढ्यात गावचा डीजे सांभाळणाऱ्या विनोदने मांडवात खुर्ची आणून ठेवली. साधी प्लास्टिकची नव्हे, तर नवरदेव-नवरीच्या जोडीतली एक : लाल मखमलीची, सोनेरी हातांची, पाठीवर मोर असलेली. डेकोरेशनवाल्याने ती उद्याच्या लग्नासाठी उतरवली होती. आज ती मोकळी होती, आणि मोकळी पडलेली वस्तू विनोदला बघवत नसे.

"पोचूभाऊ, उठा जी. तुमची जागा इथी वरतं."

पोचूने मुसळ रुखमाबाईच्या हाती दिलं.

"माही जागा सतरंजीवर हाय गा. हे कोनासाठी आणली?"

"तुमच्यासाठीच तं. वरोऱ्याहून उष्टी हळद आली का सत्कार हाय ना तुमचा. शाल-श्रीफळ. दिव्यानीनं सांगतलं नाई का?"

सतरंजीवर हळद कांडायला जमलेल्या बायांचे हात थांबले. कोणी पदर सारखा केला, कोणी सुपातली हळकुंडं उगाचच चाळली. सगळ्यांना ठाऊक होतं, एकट्या पोचूला नव्हतं. ते त्याला थांबलेल्या हातांवरूनच कळलं.

पोचू नवरीचा, म्हणजे दिव्यानीचा, थोरला काका. पन्नाशी ओलांडलेला, लग्न न केलेला, धाकट्या भावाच्या, म्हणजे धनराजच्या घराला लागून असलेल्या दोन खणांत एकटा राहणारा. अंगात सदरा-पायजमा बाप्याचाच. पण उन्हात दुपट्टा डोक्यावर घ्यायचा तो बायांसारखा, कानामागून. चालताना कमरेत एक लय असायची, ती लपवायचं त्याला कधी सुचलं नाही. पावसाळ्यात तो बायांच्या रांगेत वाकून धान रोवायचा आणि मजुरीही बाईचीच घ्यायचा. गड्याचं अंग बाईच्या मजुरीत मिळतं म्हटल्यावर नागभीडकडच्या त्या गावाला त्याच्या चालीत खोट काढायची गरज वाटली नाही. दंडारीच्या खेळात राधा तोच व्हायचा. आणि गावात कुणाचीही हळद असली तरी रुखमाबाईच्या डाव्या हाताला बसून पहिलं गाणं तोच उचलायचा. बाकीच्या बाया ते झेलायच्या. 'पोचू असा काऊन?' हा प्रश्न गावाने दोन शेतांमधल्या धुऱ्यासारखा ठेवला होता : कोणी नांगरत नाही, कोणी उकरत नाही, येता-जाता पाय मात्र सगळ्यांचा पडतो.

मग ते गाणं आलं.

नागपूरचा कुणी पोरगा होता, डोळ्यांत काजळ घातलेला. 'जसा हाय, तसा हाय, तुह्या बापाचं काय जाय!' एवढंच त्याचं ध्रुपद, आणि खाली ढोलाचा असा दणका की म्हशीही वळून बघत. दिवाळीनंतर असा एक डीजे राहिला नाही की ज्यावर ते वाजलं नाही. गाण्याचा अर्थ सरळ होता, पण गावाने तो आपापल्या सोयीने वाटून घेतला. पिऊन आलेला बापूराव दारातच ते म्हणायला लागला, आणि त्याच्या बायकोने त्याच चालीवर उत्तर देत दाराला आतून कडी घातली. गणितात राहिलेल्या पोट्टीने ते बापाला ऐकवलं आणि मार खाल्ला. सरपंचाच्या सुनेने त्या गाण्याच्या भरात जीन्स घातली, आणि ती मात्र टिकली. सासू आता दोरीवर वाळत घालताना ती उलटी घालते, म्हणजे रंग उडत नाही. एकूण काय, गाण्याने गावात थोडंफार काम केलं होतं.

फाल्गुनातल्या एका लग्नात विनोदने पोचूला डीजेसमोर ओढलं आणि त्या गाण्यावर नाचवलं. पोचू नाचला, नाचायला त्याला कधी आग्रह लागत नसे. विनोदने त्याचा व्हिडिओ टाकला. तो कुठल्या कुठे गेला. अनोळखी माणसांनी खाली लाल बदाम टाकले आणि लिहिलं, 'सलाम, काका.'

त्यानंतर गाव पोचूशी नीट वागायला लागलं.

त्रास तिथून सुरू झाला. पारावरची पोरं त्याला बघून खिदळायची ती उठून उभी राहायला लागली. रुखमाबाई जन्मभर, बाईला म्हणावं तसं, "ये वो पोचू, बैस" म्हणत आली होती, ती "या जी पोचूभाऊ" म्हणू लागली. शेजारची करिश्मा लेकराला पाजताना त्याच्याकडे तोंड करूनच गप्पा मारायची. परवा तिने पाठ वळवली आणि पदर ओढून घेतला. तिच्या मनात वाईट काही नव्हतं. पोचूभाऊ म्हणजे कोणीतरी आहेत, हे तिला नवीनच समजलं होतं. सतरंजीवर त्याच्या दोन्ही बाजूंना आता हातभर जागा मोकळी राहायची. मान देताना लोक जरा सरकून बसतात, तशी.

"मी येतो," म्हणून पोचू उठला आणि आतल्या खोलीत गेला.

दिव्यानी मेंदीचे हात पुढे धरून पंख्याखाली बसली होती. ती नागपूरला नर्सिंग शिकून आली होती. तिथून आल्यापासून घरात कुणी कुणाला वाईट बोललं की ती थांबवायची.

"मले न इचारता माहा सत्कार?"

"विचारलं असतं तर तुम्ही हो म्हटलं असतं का, मोठेबाबा?"

"नाई."

"म्हणूनच." ती हसली, पण तो हसला नाही हे बघून थांबली. "कायले राग धरता? चांगल्यासाठीच करून राह्यली ना मी."

"या गावात शाल कोनाकोनाले भेटली, सांग. सावरकर गुर्जीले भेटली, ते शाळेत पुन्हा दिसले नाई. डाकवाल्याले भेटली. कोतवालाले भेटली. ज्याच्या खांद्यावर शाल पडते त्याले कोनी कामाले बलावत नाई पोरी. तू सत्कार करून राह्यली का मले घरी बसवून राह्यली?"

"असं काही नसते."

"मंग त्या खुर्चीवर बसून मी गाणं उचलू? खाली सतरंजीवर बाया, वरतं मोरावर मी?"

दिव्यानीने फुंकर घालून बोटावरची मेंदी वाळवली. तिचा आवाज खाली आला.

"लोकं हसत होते तुमच्यावर, मोठेबाबा. लहानपणापासून ऐकत आली मी. शाळेत माह्यासमोर तुमची चाल करून दाखवत. आता तेच टाळ्या वाजवतेत. मले वाटलं, सासरच्यांच्या समोर एकदा होऊन जाऊ द्या. मंग तिकडं कोनी तोंड उघडनार नाई."

पोचू तिच्यासमोर खाली बसला. पंख्याच्या वाऱ्याने तिच्या कपाळावर आलेले केस त्याने मागे केले, कारण तिचे हात अडकलेले होते.

"हसत होते तवा बाजूले बसत होते, बेटा," तो म्हणाला. "तुही हळद हाय. तू झाली तवा तुह्या आजीनं मले सांगतलं होतं, हिच्या हळदीले तूच गाशील. मले तेवढंच पाह्यजे. बाकी काई नको."

दिव्यानीने दारातून त्या मोराच्या खुर्चीकडे पाहिलं.

"ठीक हाय," शेवटी म्हणाली. "विनोददादाला सांगते. खुर्ची उचलून ठेवा म्हणते."

पोचू बाहेर आला तेव्हा त्याची कमर पुन्हा लयीत होती. रुखमाबाईच्या डाव्या हाताला तो टेकला, हातभर मोकळी जागा आपणच सरकून बुजवली आणि मुसळ उचललं. करिश्मा जरा आखडली; मग तिने लेकरू त्याच्या मांडीवर दिलं, कारण तिलाही कांडायचं होतं.

वरोऱ्याची जीप आली ती ऊन चांगलं चढल्यावर. नवरदेवाला लावून उरलेली हळद पितळी डब्यात घेऊन पाहुण्या उतरल्या. पुढे नवरदेवाची थोरली बहीण, उर्वशी. मूल गावी जंगलखात्यात नाकेदार होती. रोज बूट आणि खाकी घालणारी, आज पिवळ्या साडीत. साडी नेसवणारीने मन लावून नेसवली होती, पण उर्वशी चालत होती बुटांतच असल्यासारखी, लांब टांगा टाकत. तिच्या मागे तिची आई, हिरव्या पातळात, पायऱ्यांचा अंदाज घेत.

सतरंजीवरच्या बायांनी उर्वशीला पाणी दिलं, गूळ दिला आणि लगेच कामाला लावलं.

"तुमचं लगन कवा जी, नाकेदारीणबाई?"

"बघू."

"लहान्या भावाचं होऊन राह्यलं, अन् तुमचं बघूच?"

"वाघ पाहाले सवड हाय, नवरा पाहाले नाई," रुखमाबाई म्हणाली आणि सगळ्या हसल्या. उर्वशीही हसली. तिला त्याची सवय असावी. हसू वेळेवर आलं आणि वेळेवर गेलं. तिची आई मात्र मांडवाच्या खांबाशी टेकून जमिनीकडे बघत होती.

बाहेर विनोदने पाहुण्यांच्या स्वागताला तेच गाणं लावलं. पोरं धावली, दोन-चार पाहुण्याही नाचल्या. उर्वशी नाचली नाही. पण तिचे ओठ शब्दाशब्दाला हलत होते, आणि ती गाणाऱ्या भोंग्याकडे नव्हे तर पोचूकडे बघत होती.

पोचू हात धुवायला परसात गेला तेव्हा ती मागून आली.

"तुम्हीच ना जी ते, व्हिडिओवाले?"

"नाचनारा मी. व्हिडिओवाला विनोद."

तिने टाकीतून तांब्या भरून त्याच्या हातांवर धार धरली. हळद काही जात नव्हती.

"आम्ही खूपदा पाहिला तो. मी आणि माझी मैत्रीण. एकाच खोलीत राहतो, मूलला. बरीच वर्षं झाली." ती थांबली. "सगळे मैत्रीण म्हणतात. मीपण तेच म्हणते."

पोचूने हात चोळायचे थांबवले. तिच्याकडे पाहिलं आणि पुन्हा चोळायला लागला.

"घरी?"

"घरी सांगितलं मागच्या महिन्यात. आईला. ते गाणं ऐकवलं आधी, मग सांगितलं." ती हसली, पण हे हसू वेळेवर आलं नव्हतं. "आई म्हणे, गाणं गाण्याच्या जागी. आपल्या सोयऱ्याधायऱ्यांत असं कोनी असते का? जेवली नाही दोन दिवस. मग दिव्यानीचा फोन आला, सत्कार आहे म्हणून. आईचे गुडघे दुखतात, ती येत नव्हती. मी म्हटलं, चल, आपल्याच सोयऱ्यांत आहे. दाखवते तुला, लोकांसमोर कसं बसवतात त्यांना ते."

तांब्या रिकामा झाला होता. तिने तो पुन्हा भरला नाही.

"तो सत्कार मी नाई म्हटलं," पोचू म्हणाला. "सकाळीच."

उर्वशीने मान हलवली. एकदा, मग आणखी एकदा.

"बरोबर आहे जी. तुमची मर्जी. कोनासाठी काऊन बसावं मानसानं खुर्चीवर." तिने तांब्या टाकीवर उपडा ठेवला. "गाणं तुम्ही छान म्हणता म्हणे. ते ऐकेल आई."

ती लांब टांगा टाकत निघून गेली. मधे आठवण झाल्यासारखी निऱ्यांना हात लावून चाल आवरली.

पोचू दुपट्ट्याला हात पुसत तिथेच उभा राहिला. हात कोरडे झाले तरी पुसत राहिला.

मांडवात पाट मांडला होता. दिव्यानी पाटावर बसली होती, डोक्यावर पाच जणींनी धरलेला शेला. रुखमाबाईने आपल्या डाव्या हाताची जागा थोपटली.

"ये वो पोचू, लवकर. गाणं उचल. ऊन डोक्यावर आलं."

'वो' म्हणाली ती. घाईत म्हणाली असेल, पण म्हणाली. पोचूला ते कळलं. तो सतरंजीच्या कडेशी आला, एक चप्पल काढली. मग खांबाजवळच्या हिरव्या पातळाकडे पाहिलं आणि काढलेली चप्पल पुन्हा पायात घातली.

"विनोद," त्याने हाक मारली, "ते खुर्ची कुठी ठेवली गा?"

दिव्यानीने शेल्याखालून मान वर केली. विनोदने काहीच विचारलं नाही. त्याला सूत्रसंचालन करायला मिळालं, एवढ्यात त्याचं भागलं. खुर्ची आली. धनराजने मोठ्या भावाला हात धरून बसवलं. शाल मेच्या उन्हात अंगावर पडली, नारळ मांडीवर आला. विनोदने माईक फुंकला.

"तं मंडळी, आपले पोचूभाऊ म्हणजे... म्हणजे पोचूभाऊ हे आपल्या गावातले... पहिल्यापासूनच ते... असे..."

माईक किंचाळला. विनोदने तो झटकला आणि इकडेतिकडे बघितलं. धुऱ्यावर नांगर घालायची पाळी त्याच्यावर आली होती.

"थोर कलावंत!" त्याला सापडलं. टाळ्या पडल्या, मोकळ्या झाल्यासारख्या.

पोचूने माईकसाठी हात पुढे केला.

"कलावंत दंडारीत, विनोद," तो म्हणाला. "दंडार उतरल्यावरबी मी असाच राह्यतो." कोणी हसलं. त्याने ते संपू दिलं. "लहानपणापासून असाच हावो. मी लगन केलं नाई. लोकं म्हणत, पोरगी भेटली नाई. पोरी भेटत होत्या. मले पोरगी नोती पाह्यजे. हे मी कोनाले सांगतलं नाई, कोनी इचारलंबी नाई. मायले ठाऊक होतं. बोलली नाई कधी. रडलीबी असंल. पण मले वाढलं नाई अन् आपण जेवली, असं कधी केलं नाई तिनं." त्याने नारळ एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. "बस. हळद लावा आता, पोरगी उन्हात बसली हाय."

टाळ्या पडल्या नाहीत. धनराज पायाच्या अंगठ्याने माती उकरत होता. करिश्माचं लेकरू तेवढं मोठ्याने काहीतरी बोललं. मग विनोदचा हात आपोआप बटणाकडे गेला आणि गाणं लागलं. आणि ज्यांना कुठे बघावं ते कळत नव्हतं त्यांची नाचायला जाऊन सोय झाली.

सतरंजीवर रुखमाबाईने क्षणभर खुर्चीकडे पाहिलं. खुर्चीवरच्या माणसाला खाली बोलावता येत नाही.

"करिश्मा, ये वो इकडं," ती म्हणाली आणि डाव्या हाताची जागा भरली. गाणं तिनेच उचललं, एक सूर खाली. बायांनी ते झेललं. पोचूचे ओठ हलले आणि थांबले.

शालीच्या आत घाम मानेवरून उतरत होता. पाहुण्या एकेक करून नवरीला हळद लावून येत होत्या. उर्वशीची आई वाटी घेऊन निघाली ती वाटेत खुर्चीपाशी थांबली. गुडघ्यावर हात ठेवून तिने श्वास घेतला.

"जेवनखान कोन करते जी तुमचं?"

"मीच."

"अन् दुखलंखुपलं तं?"

"धनराजच्या घरून येते कोनी ना कोनी. पण त्याहिलेबी त्याहीचं घर हाय, बाई. एकट्यापुरता भात मांडाचा म्हंजे कटकट. दोन दिवस तापात पडलो तं चूल तशीच राह्यते."

तिने वाटीतल्या हळदीवर बोट फिरवलं. निघायला वळली आणि निघाली नाही.

"होतं का कोनी?" तिने विचारलं. आवाज इतका खाली होता की पोचूला पुढे वाकावं लागलं.

इतक्या वर्षांत हे त्याला कोणी विचारलं नव्हतं. सतरंजीवर नाही, बांधावर नाही, व्हिडिओखाली नाही.

"होता एक," तो म्हणाला. "आलापल्लीले, लाकडाच्या डेपोत. घरच्याइनं त्याचं लगन लावून देल्लं."

"हं."

"मी गेलतो लगनाले. गाणं म्हटलं."

बाईने त्याच्याकडे पाहिलं. मग वाटीतली थोडी हळद बोटावर घेऊन, नवरीच्या आधी, त्याच्या दोन्ही पायांना लावली, आणि उठताना खुर्चीच्या सोनेरी हाताचा आधार घेतला.

नवरीला हळद लावून ती परत आली ती सरळ खांबाशी उभ्या असलेल्या मुलीकडे गेली. डीजेही चालू होता आणि बायाही गात होत्या, त्यामुळे ती काय म्हणाली ते पोचूला ऐकू आलं नाही. प्रश्न लहान असावा. उर्वशीने कमरेला खोचलेला मोबाइल काढला, बोटाची हळद साडीला पुसून त्यावर बोट फिरवलं, पुन्हा फिरवलं, आणि त्यातला एक फोटो आईसमोर धरला. आईने तो तिच्या हातातून घेऊन हातभर लांब नेला, डोळे बारीक केले.

गाणं संपून दुसरं लागायच्या मधे जेवढी जागा रिकामी पडते, तेवढ्यात तिचं बोलणं मांडवभर ऐकू आलं.

"कायची वाळली हाय वो हे! तू इले काई खाऊ घालतं का नाई?"

मग पुढचं गाणं लागलं.